औषध संशोधनासाठी सरकारी पैसा: सोलापुरातून अर्ज करण्याआधी

चिंचोळी असो की अक्कलकोट रोड एमआयडीसी, औषध कारखान्यांना सरकारकडून काय मिळतं हा विषय निघाला की पहिला शब्द येतो तो सबसिडी. गोंधळ तिथूनच सुरू होतो. शेड, यंत्रं आणि वाढीव उत्पादन यांसाठी मिळणारा पैसा एक, आणि संशोधनासाठी मिळणारा पैसा दुसरा. पहिल्यासाठी बिलं आणि विक्रीचे आकडे दाखवावे लागतात. दुसऱ्यासाठी असा प्रश्न मांडावा लागतो ज्याचं उत्तर अजून कुणाजवळ नाही, आणि ते शोधायला कोणते प्रयोग, किती महिने, किती रुपये लागतील याचा हिशेब द्यावा लागतो. पहिल्या प्रकारचा अर्ज दुसऱ्या खिडकीत टाकला की तो पहिल्याच छाननीत बाहेर पडतो.

पहिला प्रकार थोडक्यात सांगून बाजूला ठेवतो. बल्क ड्रग्जसाठीची, म्हणजे औषधातल्या मूळ गुणकारी घटकांसाठीची, पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) योजना २०२० ची. तरतूद ६,९४० कोटींची, यादी ४१ उत्पादनांची, आणि प्रोत्साहन मिळतं ते विक्रीवर. औषधांसाठीची १५,००० कोटींची पीएलआयही तशीच. छोट्या युनिटांना जवळची योजना म्हणजे तंत्रज्ञान उन्नतीची पीटीयूएएस. तिच्या सुधारित नियमांप्रमाणे ५०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या युनिटांना खर्चाच्या २०, १५ किंवा १० टक्के, जास्तीत जास्त १ कोटी, आणि तेही खर्च झाल्यावर परतफेड म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांच्या दर्जाचे नियम, आला तेव्हापासून एअर हँडलिंग, पाण्याची यंत्रणा आणि औषध किती टिकतं ते तपासायचे स्टॅबिलिटी चेंबर यांसाठी ती कामाची ठरली. पण यातल्या एकाही योजनेत नवं ज्ञान विकत घेतलं जात नाही.

संशोधनाच्या पैशाचं गणित समजून घ्यायला नॅफिथ्रोमायसिन पाहा. समाजात पसरणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियावरचं, तीन दिवस घ्यायचं हे भारतीय अँटिबायोटिक नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालं. वोकहार्टने त्यावर सुमारे १४ वर्षं आणि ५०० कोटी रुपये घातले. जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्राच्या बायरॅक या संस्थेकडून तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीसाठी मिळाले सुमारे ८ कोटी. एकूण खर्चात हा वाटा लहान दिसतो. पण अँटिबायोटिक हे असं उत्पादन आहे की ते जपून, कमीत कमी वापरणंच समाजाच्या हिताचं असतं, त्यामुळे त्यातून नफा कमी. बँक अशा चाचणीला कर्ज देत नाही, कारण गहाण ठेवायला फक्त डेटा असतो. सरकारी पैसा जिथे यायला हवा ती हीच जागा. म्हणून कुठल्याही योजनेचं माहितीपत्रक उघडण्याआधी आपलं काम नेमकं कोणत्या टप्प्यावर अडलं आहे ते एका वाक्यात लिहून काढावं. ते वाक्य जमलं नाही तर अर्जाचे चाळीस पानी तक्ते भरून उपयोग होत नाही.

आपल्या दारातलं उदाहरण: मेटफॉर्मिन

सोलापूर-तामलवाडी पट्ट्यात मिथाइल अमाइन्स बनतात. मधुमेहावरचं नेहमीचं औषध मेटफॉर्मिन तयार होतं ते डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायअमाइड यांच्या अभिक्रियेतून. डायमिथाइल अमाइनचा अंश मागे उरला आणि त्याला कुठून तरी नायट्राइट मिळालं की एनडीएमए हा कर्करोगाचा धोका असलेला नायट्रोसामाइन तयार होऊ शकतो. त्याची रोजची मान्य मर्यादा ९६ नॅनोग्रॅम. रुग्ण दिवसाला २,५५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन घेत असेल, तर भागाकार करून औषधातली मर्यादा येते ०.०३८ पीपीएमच्या (दहा लाखांतला भाग) आसपास. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने काही कंपन्यांना मेटफॉर्मिनच्या एक्स्टेंडेड रिलीज गोळ्या बाजारातून मागे घ्यायला सांगितल्या, त्या याच अशुद्धीमुळे.

नायट्राइट येतं कुठून, हा खरा संशोधनाचा भाग आहे. प्रक्रियेचं पाणी, पुन्हा वापरलेलं सॉल्व्हंट, गोळीतले सहायक घटक, इतकंच काय तर ब्लिस्टरच्या फॉइलवरची नायट्रोसेल्युलोजची शाईसुद्धा. मोजमापातही सापळा आहे. डायमिथाइल फॉर्मअमाइड, म्हणजे डीएमएफ, घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या नळीतून (कॉलम) एनडीएमएच्या जवळपास त्याच वेळी बाहेर पडतं आणि त्याच्या जड कार्बन असलेल्या रेणूचं वस्तुमान एनडीएमएच्या इतकं जवळ असतं की कमी रिझोल्यूशनच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) दोन्ही एकच दिसतात. निकाल खोटा वाढलेला येतो. त्यामुळे हाय रिझोल्यूशन यंत्र किंवा डीएमएफ नीट वेगळं करणारी पद्धत, दोन्हींपैकी एक हवंच.

आता प्रश्न पैशाचा. हे काम महत्त्वाचं आहे, रुग्णाच्या सुरक्षेचं आहे. तरीही बहुतेक संशोधन अनुदानांत ते बसत नाही. केंद्राच्या औषध विभागाची पीआरआयपी ही संशोधन योजना सहा क्षेत्रांसाठी आहे: नवे रासायनिक व जैविक रेणू, बायोसिमिलरसह (जैविक औषधांची मिळतीजुळती रूपं) गुंतागुंतीची जेनेरिक औषधं, वैद्यकीय उपकरणं, स्टेम सेल उपचार, दुर्मिळ आजारांवरची औषधं आणि प्रतिजैविक प्रतिरोध, म्हणजे जंतूंनी औषधांना दाद न देणं. जुन्या बल्क ड्रगमधली अशुद्धी कमी करणं यातल्या कशातही येत नाही, आणि ओढूनताणून ते ‘गुंतागुंतीचं जेनेरिक’ म्हणून सजवू नका. तज्ज्ञ समितीवर त्याच विषयातली माणसं असतात.

अशा कामाचा रस्ता वेगळा आहे. आधी डीएसआयआरकडून (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) कारखान्यातल्या संशोधन विभागाला मान्यता घ्या. तिथे नेहमी अडतं ते एका मुद्द्यावर: क्वालिटी कंट्रोलची प्रयोगशाळाच संशोधन विभाग म्हणून दाखवली जाते. रोजच्या बॅचची तपासणी म्हणजे संशोधन नव्हे, हे डीएसआयआर स्पष्ट सांगतं. वेगळी जागा, पूर्ण वेळ नेमलेली माणसं, खर्चाची वेगळी खाती आणि प्रकल्पांची यादी हवी. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला एकच एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) सकाळी क्यूसीचं आणि दुपारी संशोधनाचं म्हणून दाखवलं तर पुढचं बोलणं कठीण होतं.

या मान्यतेचा करातला फायदा मात्र पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि हे अजूनही पुष्कळांना माहीत नाही. आयकराच्या कलम ३५(२एबी) खाली खर्चाच्या २०० टक्के वजावट मिळायची. २०१७-१८ पासून ती १५० टक्के झाली आणि २०२०-२१ पासून १००. कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला असेल तर हे कलम लागूच होत नाही. एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत, तेव्हा जुन्या क्रमांकावर विसंबून हिशेब करू नका. तरीही मान्यता घ्यावी असंच माझं मत आहे. कंपनीत खरोखर संशोधन चालतं याचा तो सरकारमान्य पुरावा असतो, आणि प्रक्रिया बाजारात नेण्यासाठी तंत्रज्ञान विकास मंडळाकडे जाताना तो उपयोगी पडतो. ते मंडळ प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत कर्ज देतं, ५ टक्के सरळ व्याजाने. कर्ज म्हणजे कर्जच, पण बँकेच्या दरापेक्षा पुष्कळ हलकं.

डाळिंबाची साल आणि ५० लाखांचं बिग

नव्या प्रश्नासाठी, हातात फक्त प्राथमिक डेटा असताना, सर्वांत जवळचं दार बायरॅकचं बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, सगळे ज्याला ‘बिग’ म्हणतात ते. ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो. कंपनी असेल तर ती पाच वर्षांपेक्षा जुनी नको, आणि किमान ५१ टक्के भागभांडवल भारतीयांचं हवं. म्हणजे वीस वर्षं चालू असलेला चिंचोळीचा कारखाना इथे पात्र नाही, पण फार्मसी कॉलेजातले प्राध्यापक किंवा नुकताच एम.फार्म. झालेला मुलगा पात्र ठरू शकतो. प्राध्यापकांना संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. पैसा बिग पार्टनर संस्थांमार्फत हाताळला जातो. सोलापूरकरांना सोयीची म्हणजे पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारातलं व्हेंचर सेंटर.

सोलापूरला साजेसा विषय घेऊन हे अनुदान कसं आखायचं ते पाहू. केगावला आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषद) राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रस-दाणे काढणाऱ्या युनिटांत सालीचा ढीग पडतो. त्यातली प्युनिकॅलॅजिन आणि इलॅजिक ॲसिड ही संयुगं, यांवर जगभर काम चाललं आहे. पण सालीचं चूर्ण करून त्याला औषध म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०१५ च्या दुरुस्तीने औषध नियमांत फायटोफार्मास्युटिकल हा वर्ग आला: वनस्पतीच्या अर्काचा शुद्ध आणि प्रमाणित केलेला अंश, ज्यात किमान चार घटक ओळखून मोजलेले असतील, आणि जो इंजेक्शनने द्यायचा नसेल. या व्याख्येला धरून प्रकल्प बांधला तर त्याला आधुनिक औषधाची वाट मिळते.

काढणीपासूनच काळजी लागते. तेल्या रोगासाठी बागेवर ताम्रयुक्त फवारण्या होतात, इतर रोग-किडींसाठीही औषधं मारली जातात, आणि हे सगळं बसतं ते सालीवर. म्हणून पहिल्या पोत्यापासून तांबं, शिसं, आर्सेनिक आणि कीटकनाशकांचे अवशेष तपासा, नाहीतर अर्क घट्ट करताना तेही घट्ट होत जातात. साल ५० अंशांच्या आसपास वाळवा. उष्णता जास्त झाली किंवा माध्यम अल्कधर्मी झालं की प्युनिकॅलॅजिन फुटून इलॅजिक ॲसिड होतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाणी-इथेनॉलच्या मिश्रणात अर्क काढून तो व्हॅक्यूमखाली कमी तापमानाला घट्ट करणं हाच सुरक्षित मार्ग. एचपीएलसीच्या आलेखावर प्युनिकॅलॅजिनचे दोन उंचवटे (पीक) येतात, अल्फा आणि बीटा. दोन्हींची बेरीज धरायची. एकच धरला तर मोजणी चुकते, आणि बॅचमागून बॅच प्रमाण बदलल्यासारखं दिसतं. मृग आणि आंबे बहाराच्या सालीतही फरक पडू शकतो, तेव्हा बहार, वाण आणि बाग यांची नोंद बॅच रेकॉर्डमध्येच असू द्या.

आता माल किती लागेल? समजा उंदरांवरचा (रॅट) २८ दिवसांचा विषारीपणाचा अभ्यास करायचा आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक गटात ५ नर, ५ माद्या. मात्रा किलोमागे १,०००, ३०० आणि १०० मिलिग्रॅम, शिवाय कंट्रोल, म्हणजे औषध न दिलेला गट. जनावराचं वजन सरासरी २५० ग्रॅम धरलं तर वरच्या गटाला २८ दिवसांत ७० ग्रॅम, मधल्याला २१, खालच्याला ७. नंतरच्या सुधारणेचं निरीक्षण करायला वरच्या मात्रेचा आणखी एक गट ठेवला तर आणखी ७०. झाले १६८ ग्रॅम. विश्लेषण, राखीव नमुने आणि सांडलवंड धरून एकाच बॅचचा ३०० ग्रॅम माल हाती असायला हवा. अनेक अर्जांत संश्लेषण किंवा अर्कासाठी ‘५ ग्रॅम’ लिहिलेलं असतं आणि त्याच अर्जात २८ दिवसांचा अभ्यास असतो. परीक्षक हा गुणाकार करून बघतात.

हा अभ्यास जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा पद्धती) प्रमाणपत्र असलेल्या प्रयोगशाळेतच करा. कॉलेजच्या ॲनिमल हाउसमध्ये प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीने केलेलं काम शोधनिबंधाला आणि प्राथमिक अंदाजाला चालतं. पण पुढे मानवी चाचणीच्या परवानगीसाठी औषध नियंत्रकांकडे जाताना जीएलपी नसलेला सुरक्षितता-अभ्यास बहुधा पुन्हा करावा लागतो, आणि तेव्हा अनुदान संपलेलं असतं.

५० लाखांची विभागणी साधारण अशी करता येईल. एक संशोधक ४५,००० महिना, १८ महिन्यांचे ८.१० लाख. एक तंत्रज्ञ २५,००० प्रमाणे ४.५० लाख. संदर्भ मानकं, कॉलम, सॉल्व्हंट ७ लाख. रोटरी व्हॅक्यूम इव्हॅपोरेटर, छोटा फ्रीझ ड्रायर अशी उपकरणं ९ लाख. अवशेष, धातू, स्टॅबिलिटी अशा बाहेरच्या तपासण्या ६ लाख. जीएलपी अभ्यास १० लाख. पेटंट २ लाख, प्रवास १ लाख, किरकोळ २.४० लाख. बेरीज बरोबर ५०. प्रत्यक्ष आकडे कोटेशन घेऊनच भरायचे, आणि प्रत्येक मोठ्या रकमेमागे कोटेशन जोडायचं. या यादीत एचपीएलसी मुद्दाम नाही. सोलापुरातल्या फार्मसी कॉलेजांत आणि विद्यापीठात ती यंत्रं आहेत. वापराचं संमतीपत्र जोडलं की तेवढा पैसा प्रयोगाकडे वळतो. ज्या अर्जात अर्धं अनुदान एका यंत्रावर जातं, त्यात संशोधक यंत्र मागतो आहे की उत्तर, असा प्रश्न परीक्षकाला पडणारच.

सर्वांत जास्त चूक होते ती वेळापत्रकात. ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेवरची सहा महिन्यांची प्रवेगक स्टॅबिलिटी कुठल्याही पैशाने पाच महिन्यांत होत नाही. उलटं मोजा. अठराव्या महिन्यात अंतिम अहवाल, त्याआधी दोन-तीन महिने विश्लेषण आणि लेखन, म्हणजे स्टॅबिलिटीचे नमुने नवव्या महिन्याला चेंबरमध्ये गेले पाहिजेत. त्यासाठी तीन बॅचेस सातव्या-आठव्या महिन्यात, आणि त्याआधी मोजणीची पद्धत पक्की. करार, बँक खातं, माणसं नेमणं आणि खरेदी यांत पहिले तीन महिने जातात. म्हणजे पद्धत विकसित करायला हातात उरतात जेमतेम तीन महिने. ती पद्धत अनुदान येण्याआधीच निम्मी तयार नसेल, तर शेवटी अहवालात तीन महिन्यांचीच स्टॅबिलिटी दिसते आणि करारात ठरलेला टप्पा, म्हणजे माइलस्टोन, अपुरा राहतो.

पैसा येतो कसा आणि अडतो कुठे

रक्कम मंजूर झाली म्हणजे खात्यात आली असं होत नाही. ती हप्त्यांनी येते, माइलस्टोन पूर्ण झाल्यावर. त्यासाठी वेगळं नो-लीन खातं उघडायचं, म्हणजे ज्या बँकेत कंपनीचं कॅश क्रेडिट आहे तिने या पैशावर हक्क सांगायचा नाही असं तिच्याकडून लिहून घ्यायचं. स्थानिक शाखेला हे पत्र नवीन असतं, मसुदा मुख्यालयात जातो आणि महिना निघून जातो. मंजुरीची कुणकुण लागताच या पत्राला हात घाला.

प्रत्येक हप्त्यानंतर सीएने प्रमाणित केलेलं खर्चविवरण आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट द्यावं लागतं. या पैशावर बँकेत मिळालेलं व्याज सरकारचं असतं, ते वेगळं दाखवायचं. मनुष्यबळाच्या शीर्षातले पैसे उपकरणावर, किंवा उलटं, परवानगीशिवाय वळवले तर तेवढा खर्च नामंजूर होतो. मंजुरीच्या तारखेआधीची बिलंही धरली जात नाहीत. शेवटचा हप्ता अंतिम अहवाल मान्य झाल्यावर येतो. समजा तो ५ लाखांचा असेल, तर शेवटचे पगार आणि प्रयोगशाळेचं बिल आधी खिशातून द्यावं लागेल. ही तजवीज पहिल्याच दिवशी करा. चालू प्रकल्प बंद पडतात ते विज्ञान फसल्यामुळे कमी आणि या तीन-चार महिन्यांच्या फटीमुळे जास्त, असं मला ठामपणे वाटतं. ही फट सरकारनेच बुजवायला हवी. माइलस्टोन तपासणीला मुदत ठेवली तर लहान संशोधकाला सर्वांत मोठी मदत होईल.

कराचं एक कलम विसरू नका. २०१५-१६ पासून सरकारी अनुदान हे उत्पन्न धरलं जातं. अपवाद ज्या भागातून मालमत्ता घेतली त्याचा, तो मालमत्तेच्या किमतीतून वजा होतो. मार्चमध्ये हप्ता आला आणि खर्च मे महिन्यात झाला तर वर्षाचा हिशेब कसा मांडायचा हे सीएशी आधीच ठरवून घ्या.

पेटंट: शोधनिबंधाआधी

प्राध्यापक मंडळींसाठी हे विशेष. आधी पोस्टर किंवा निबंध आणि मग पेटंट, या क्रमाने नावीन्यच संपतं. कायद्यातली सूट फार मर्यादित आहे, तिच्यावर विसंबू नये. व्यक्ती, स्टार्टअप, छोटे उद्योग आणि शिक्षण संस्थांसाठी ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला तेच ८,०००. परीक्षणाची विनंती वेगळी, ४,००० आणि २०,०००. म्हणजे अडसर शुल्काचा नाही, मसुद्याचा आहे.

डाळिंब सालीसारख्या विषयात कलम ३(पी) समोर येतं, पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही. आयुर्वेदात दाडिम जागोजागी आहे. ‘डाळिंब सालीचा अर्क अतिसारावर’ असा दावा टिकणार नाही. ठरावीक प्रमाणातला शुद्ध अंश, तो मिळवण्याची विशिष्ट प्रक्रिया आणि साध्या अर्कापेक्षा मोजून दाखवलेला जास्त परिणाम, असा दावा उभा राहू शकतो. कृत्रिम रेणूंवर काम करणाऱ्यांना कलम ३(डी) असंच आडवं येतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या प्रकरणात ते पक्कं केलं: जुन्या रेणूचं नवं रूप परिणामकारकता वाढवत नसेल तर पेटंट नाही. तेव्हा तुलनेचा प्रयोग अनुदानाच्या आराखड्यातच घाला, नंतर त्यासाठी पैसा मिळत नाही. शिवाय भारतीय जैविक साधनसंपत्तीवर आधारलेलं पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. हा कागद अर्जाबरोबरच सुरू करा.

मोठी रक्कम: पीआरआयपी आणि आरडीआय

पीआरआयपीची एकूण तरतूद ५,००० कोटी, २०२३-२४ ते २०२७-२८. त्यातले ७०० कोटी सात नायपर (केंद्राच्या औषधशास्त्र शिक्षण व संशोधन संस्था) संस्थांतल्या उत्कृष्टता केंद्रांसाठी. यातली एकही नायपर महाराष्ट्रात नाही. उद्योगासाठी ४,२५० कोटी. २०२५ च्या सुधारित नियमांनुसार सुरुवातीच्या टप्प्यातल्या, ९ कोटींपर्यंतच्या प्रकल्पाला पहिला १ कोटी पूर्ण आणि त्यावरच्या खर्चाच्या निम्मे, असे जास्तीत जास्त ५ कोटी. ३ कोटींचा प्रकल्प घ्या: १ कोटी अधिक उरलेल्या २ कोटींचे निम्मे, म्हणजे २ कोटी सरकारचे, १ कोटी तुमचा. पुढच्या टप्प्याला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, १०० कोटींच्या मर्यादेत. नफा कमी पण गरज मोठी अशा ठरावीक विषयांना ५० टक्के.

सोलापूरच्या मध्यम युनिटाला यात जागा दिसते ती प्रतिजैविक प्रतिरोध आणि गुंतागुंतीच्या जेनेरिकमध्ये. पण स्वतःचा १ कोटी कुठून येणार याचा ताळेबंदात दिसणारा पुरावा हवा. ‘बँकेशी बोलणं चालू आहे’ हा पुरावा होत नाही.

१ लाख कोटींचा आरडीआय (संशोधन, विकास व नवोन्मेष) निधी जुलै २०२५ मध्ये मंजूर झाला. वर्तमानपत्रांतले मथळे वाचून अनेकांना तो अनुदानाचा वाटतो. तो दीर्घ मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं कर्ज आणि भागभांडवल देणारा निधी आहे, दुसऱ्या स्तरावरच्या निधी व्यवस्थापकांमार्फत, आणि तंत्रज्ञान-सज्जतेच्या चौथ्या पायरीपासून पुढे. औषधाच्या बाबतीत चौथी पायरी म्हणजे काचेच्या भांड्यातला निकाल पुरत नाही, त्यापुढचा पुरावा लागतो. पायरी फुगवून लिहिली की मुलाखतीत पहिलाच प्रश्न ‘प्राण्यांवरचा डेटा दाखवा’ असा येतो.

मानवी चाचणीकडे जाताना

२०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांनुसार अर्ज फॉर्म सीटी-०४ मध्ये. पहिल्या टप्प्याचं शुल्क ३ लाख, लघुउद्योगांना निम्मं. भारतात शोधलेल्या आणि भारतातच संशोधन झालेल्या औषधाच्या अर्जावर कामकाजाच्या ३० दिवसांत काही कळवलं नाही तर परवानगी मिळाल्याचं धरलं जातं. नैतिकता समिती नोंदणीकृत हवी, आणि पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआय या मानवी चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद हवी. पहिल्या टप्प्यासाठी आयसीएमआरच्या जाळ्यातली मुंबईचं केईएम आणि नवी मुंबईचं ॲक्ट्रेक (टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था) ही केंद्रं राज्यातच आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात सोलापूरला महत्त्व येतं. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी येणारा रुग्ण आसपासच्या जिल्ह्यांतला आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातलाही असतो. संमतीपत्र मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही लागेल, त्याच्या भाषांतराचा आणि उलट-भाषांतराचा खर्च बजेटमध्ये धरा.

सुरुवात बिगपासून करणाऱ्यांसाठी तारखा: अर्जाची खिडकी आजवर १ जानेवारी आणि १ जुलैला उघडत आली आहे, साधारण दीड महिन्यासाठी. जानेवारी धरायची असेल तर दिवाळीपूर्वी जीएलपी प्रयोगशाळेची कोटेशनं मागवा, कारण ती अभ्यासाचा आराखडा मागतात आणि उत्तराला आठवडे लावतात. संस्थेच्या ना-हरकत पत्राचा अर्ज सप्टेंबरमध्येच द्या, बैठकींच्या तारखा तुमच्या हातात नसतात. पेटंटचा तात्पुरता अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखल करा, म्हणजे सादरीकरणात डेटा मोकळेपणाने दाखवता येतो. आणि त्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील दाखल करायचा असतो, तो महिना आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.